मालकीची भावना आणि मालकाचे अधिकार

कर्मचाऱ्याने संस्थेचे काम स्वतःचे समजून करावे, ही अपेक्षा कारखान्याच्या फाटकावरील फलकापासून वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जापर्यंत सर्वत्र लिहिलेली आढळते. परंतु ही भावना कशातून उपजते, ती उपजावी म्हणून मालकाला आपल्या हातातले काय सोडावे लागते आणि ती उपजल्यानंतर तिचे सगळेच परिणाम इष्ट असतात काय, हे प्रश्न त्या मानाने क्वचित विचारले जातात. संघटनांच्या मानसशास्त्रात या भावनेला ‘मानसिक मालकी’ म्हणतात. एखादी वस्तू, काम, कल्पना किंवा संस्था कागदोपत्री आपली असो वा नसो, ती किंवा तिचा एखादा भाग आपला आहे असे व्यक्तीला वाटणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. नोकरीतील समाधान म्हणजे कामाबद्दल बरे वाटणे, आणि बांधिलकी म्हणजे संस्थेत टिकून राहण्याची इच्छा. मानसिक मालकी या दोहोंपेक्षा वेगळी ठरते, कारण तिच्यात काम हे व्यक्तीच्या ‘मी’चाच विस्तार झालेले असते आणि त्या कामाला लागलेला डाग स्वतःला लागल्यासारखा वाटतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात, माणूस ज्या ज्या गोष्टीला आपली म्हणू शकतो त्या सर्वांची गोळाबेरीज म्हणजे त्याचा ‘मी’, अशी मांडणी केली होती, आणि त्यात शरीराबरोबर घर, कुटुंब, कीर्ती व हातून घडलेले काम यांचाही समावेश केला होता. त्याच्याही आधी, १८४४च्या हस्तलिखितांमध्ये, कार्ल मार्क्सने याच प्रश्नाची उलटी बाजू पाहिली होती: मजुराने घडवलेली वस्तू आणि घडवण्याची क्रिया या दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या की मजूर स्वतःलाच परका होतो, हा परात्मतेचा सिद्धान्त म्हणजे मानसिक मालकीच्या अभावाचेच वर्णन होय. व्यवस्थापनशास्त्रात मात्र हा विषय १९९१ साली जॉन पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या भागधारणेविषयी लिहिलेल्या लेखातून स्थिरावू लागला, आणि पुढे पिअर्स, तातियाना कोस्तोवा व कर्ट डर्क्स यांनी २००१ व २००३ साली त्याला सिद्धान्ताचे रूप दिले.

या त्रयीच्या मते मानसिक मालकीच्या मुळाशी तीन गरजा असतात: आपल्या कृतीने जगात काही फरक पडतो हे अनुभवण्याची, आपण कोण आहोत हे जाणण्याची व इतरांना दाखवण्याची, आणि कुठेतरी आपली हक्काची जागा असण्याची. या गरजा असल्या तरी भावना आपोआप निर्माण होत नाही. तिच्याकडे नेणाऱ्या वाटाही तीनच सांगितल्या जातात. पहिली वाट नियंत्रणाची, म्हणजे कामाची पद्धत, क्रम व वेग यांवर कर्मचाऱ्याचा काही अधिकार असण्याची. दुसरी वाट ओळखीची: एखाद्या यंत्राबरोबर, गिऱ्हाइकाबरोबर वा विषयाबरोबर पुरेसा काळ राहून त्याचे बारकावे आतून माहीत होणे. तिसरी वाट गुंतवणुकीची आहे, आणि तिच्यात वेळ, श्रम व बुद्धी यांपलीकडे माणसाची स्वतःची छापही कामावर उमटणे अपेक्षित आहे. या तिन्ही वाटांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते आणि व्यवस्थापनाच्या लोकप्रिय पुस्तकांत तीच सहसा सुटते: नियंत्रण, ओळखीसाठी लागणारा काळ आणि स्वतःची छाप उमटवण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी देणे वा नाकारणे मालकाच्याच हातात असते. कर्मचाऱ्याची मनोवृत्ती बदलण्यासाठी भरवलेली शिबिरे त्यामुळे बहुधा चुकीच्या दाराशी उभी असतात.

नियंत्रणाच्या वाटेचा सर्वांत जुना व सर्वाधिक उद्धृत केला जाणारा पुरावा मानसिक मालकी ही संज्ञा रूढ होण्याच्या बऱ्याच आधीचा आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथे हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि कामगार नोकरी सोडत. लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला नवी पद्धत केवळ समजावून सांगण्यात आली, दुसऱ्या गटाचे प्रतिनिधी ती ठरवण्यात सहभागी झाले, तर आणखी दोन लहान गटांतील प्रत्येक कामगाराला तो अधिकार मिळाला. पहिल्या गटात उत्पादन घसरलेलेच राहिले व चाळीस दिवसांत सतरा टक्के कामगार निघून गेले. पूर्ण सहभागाच्या गटांचे उत्पादन मात्र लवकर सावरून पूर्वीच्या पातळीच्याही वर गेले आणि त्यांतून कोणीही नोकरी सोडली नाही. मात्र नॉर्वेतील पादत्राणांच्या कारखान्यात फ्रेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या याच धर्तीच्या प्रयोगात उत्पादनात असा फरक दिसला नाही. ज्या बाबींवर कामगारांना मत विचारले गेले त्या त्यांच्या दृष्टीने फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, आणि अशा गोष्टी ठरवण्याचा मार्ग कोणता असावा याविषयी तेथील कामगारांच्या धारणाही वेगळ्या होत्या, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. हारवुडचा दाखला पाठ्यपुस्तकांत हमखास मिळतो, नॉर्वेचा क्वचितच. वास्तविक दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हा विषय समजत नाही, कारण किरकोळ गोष्टीत विचारलेले मत हे नियंत्रण नसते, हे कामगाराला संशोधकाच्या आधी कळते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग अहमदाबादेत झाला. साराभाईंच्या कॅलिको मिल्समध्ये १९५०च्या दशकाच्या आरंभी स्वयंचलित साचे बसवले गेले, पण अपेक्षेइतके उत्पादन निघेना आणि सदोष कापडाचे प्रमाणही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तेथे आले तेव्हा त्यांना दिसले, की वेळ-अभ्यासाच्या आधारे एका विणकामाच्या शेडमधील काम बारा निरनिराळ्या भूमिकांत कापून टाकलेले होते: विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले ताणे जोडणारा वेगळा, जॉबर, तेलवाला, झाडूवाला वेगळे. विणकराकडे जितके साचे असत तितकेच त्याच्या मदतनिसाकडे नसत. त्यामुळे एका साच्याचे बिघडले तर ते नेमके कोणाचे बिघडले, याला उत्तरच नव्हते. सारे कामगार एकाच छपराखाली होते, परंतु त्यांचा मिळून असा कोणताही गट नव्हता. राइस यांनी सुचवले की साच्यांचा ठरावीक संच एका लहान गटाकडे द्यावा, त्यातील कामांची वाटणी गटानेच करावी आणि कामगारांनी गरजेप्रमाणे एकमेकांची कामे करावीत. ही कल्पना चर्चेत येताच कामगारांनी व जॉबरांनी ती उचलून धरली आणि गट कोणाकोणाचे होतील हे आपसांत ठरवूनही टाकले. राइस यांच्या वृत्तांतातील सर्वांत लक्षणीय भाग हाच आहे. आरंभीच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले, सदोष माल कमी झाला.

या प्रयोगाचे पुढे काय झाले, हे त्याच्या यशाइतकेच बोधक आहे. एरिक मिलर यांनी १९७० साली त्याच गिरण्यांत पुन्हा जाऊन पाहणी केली आणि १९७५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका शेडमध्ये गटपद्धत जवळजवळ मूळ रूपात टिकून होती. इतर ठिकाणी मात्र बाजारातील मागणी, मालाचे प्रकार व उत्पादनाचा दबाव बदलत गेला तसतसे वरिष्ठांनी गटाच्या आतील कारभारात पुन्हा हात घातला होता आणि गट केवळ नावापुरते उरले होते. कामगारांची वृत्ती बदलली म्हणून पद्धत मोडली, असे म्हणण्यास या पाहणीत आधार नाही. अडचणीच्या काळात दिलेला अधिकार परत घेण्याचा मोह व्यवस्थापनाला आवरला नाही, हेच तिच्यातून अधिक दिसते. आणि जो अधिकार अडचण येताच काढून घेतला जातो, तो दिलेला होता असे म्हणणे अवघड आहे.

नियंत्रण म्हणजे नियमांचा अभाव, असा मात्र एक सोयीस्कर गैरसमज आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, तक्रारी आणि खराब गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता व १९८२ साली तो बंद पडला. टोयोटाच्या भागीदारीत १९८४ साली तेथेच नवा कारखाना सुरू झाला, त्यात बहुतांश जुनेच कामगार व त्यांची जुनीच संघटना होती, तरीही थोड्याच काळात त्याची गुणवत्ता कंपनीच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेली. पॉल अ‍ॅडलर यांनी १९९३ साली केलेल्या विवेचनाप्रमाणे तेथील काम पूर्वीपेक्षाही अधिक काटेकोरपणे आखलेले होते; फरक एवढाच की हातात घड्याळ घेऊन वेळ मोजणारा बाहेरचा अभियंता गेला होता आणि ते मोजमाप कामगारांच्या तुकड्या स्वतःच करत होत्या. दोष दिसल्यास दोरी ओढून मदत मागण्याचा व गरज पडल्यास सारी ओळ थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला होता. नियम कडक असणे आणि तो आपला वाटणे, या दोन गोष्टींत विरोध नाही. तो कोणी लिहिला व कोण बदलू शकतो, यावर सारे अवलंबून असते.

कामाची मालकी द्यायची तर कंपनीचीच मालकी का देऊ नये, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो आणि कर्मचाऱ्यांना समभाग देण्याच्या योजना त्याच्याच उत्तरादाखल आल्या. कॅथरीन क्लाइन यांनी १९८७ साली अमेरिकेतील ३७ कंपन्यांतील अशा योजनांची तपासणी केली, तेव्हा केवळ समभाग हाती असल्याने कर्मचाऱ्याची वृत्ती बदलते या गृहीतकाला पुष्टी मिळाली नाही. कंपनीचे योजनेतील अंशदान किती मोठे आहे, तिच्यामागे व्यवस्थापनाची खरी निष्ठा आहे काय आणि माहिती मोकळेपणाने दिली जाते काय, यांवर परिणाम ठरत होता. युनायटेड एअरलाइन्समध्ये १९९४ साली कर्मचाऱ्यांनी वेतनकपात स्वीकारून सुमारे ५५ टक्के भागभांडवल मिळवले, तरी २००० च्या उन्हाळ्यात करारावरून वैमानिकांनी जादा काम नाकारले, उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि २००२ साली कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. बहुसंख्य भाग हाती असूनही रोजचे काम ज्या रीतीने चालत असे ती फारशी बदललेली नव्हती.

मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा दाखला या संदर्भात वेगळा विचार करायला लावतो. मालक कुटुंबातील कलह व थकलेली देणी यांमुळे १९८५ साली बंद पडलेला हा कारखाना कामगारांनी ताब्यात घेण्याच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली मान्यता दिली, कामगारांनी स्वतःची पुंजी घातली आणि तो पुन्हा सुरू झाला. आरंभी उत्साह होता व कारभार सावरलाही. परंतु १९९०च्या दशकात खेळत्या भांडवलाची चणचण आणि बदलता बाजार यांपुढे प्रयोग टिकला नाही. कामगारांना मालकी पेलत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे अन्यायाचे होईल. मानसिक मालकी हे भांडवलाला पर्याय असू शकत नाही, एवढेच त्यातून खात्रीने म्हणता येते. आणि हीच मर्यादा खासगी मालकांनाही तितकीच लागू आहे.

कायदेशीर व मानसिक मालकी एकत्र नांदण्याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेला श्री महिला गृह उद्योग आज ‘लिज्जत’ या नावाने ओळखला जातो. तेथे पापड लाटणारी प्रत्येक स्त्री सहमालक मानली जाते, तिला भगिनी म्हणतात, शाखेचा नफा-तोटा शाखेतील भगिनींमध्ये वाटला जातो आणि शाखेचे काम पाहणारी संचालिका व वरची २१ जणींची व्यवस्थापन समितीही भगिनींतूनच येते. सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, सवडीने घरी पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची, अशी ही रीत आहे. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे: पिठाचे प्रमाण, पापडाचा आकार व दर्जा यांत भगिनीला कोणतीही मोकळीक नाही, कारण चव सर्वत्र एकच राहावी लागते. तिची मोकळीक वेळेवर व जागेवर आहे आणि तिचा हक्क नफ्यावर व निवडीवर आहे. मानसिक मालकीसाठी प्रत्येक गोष्टीवर अधिकार लागत नाही. कोणत्या गोष्टीवर आहे हे ठरलेले व टिकाऊ असावे लागते.

मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्थाही याच वळणाची आहे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या या माणसांचे छोटे गट असतात, गटाचा मुकादम अनुभवातून वर आलेला असतो, सायकल ज्याची त्याची असते आणि गटाचा खर्च भागल्यावर उरलेली मिळकत आपसांत वाटली जाते. डब्यावरील खुणांची पद्धत सर्वांना बंधनकारक आहे. गिऱ्हाईक सांभाळणे, ओळीतील गडी आजारी पडल्यास जागा भरणे आणि नवा माणूस घ्यायचा की नाही, हे मात्र गट ठरवतो. त्यांच्या अचूकतेविषयी सांगितले जाणारे आकडे मोजले गेले आहेत त्याहून अधिक वेळा उद्धृत झाले आहेत, आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासवर्गांत त्यांचे कौतुक करणाऱ्यांना बहुधा ही मिळकतीची वाटणी आठवत नाही.

संघटित उद्योगात कामगारांना असे स्थान देण्याचे कायदेशीर प्रयत्न भारतात कमी झाले नाहीत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत कार्यसमित्यांची तरतूद केली, १९५६ साली जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात संघटनेबरोबरच्या करारातून संयुक्त समित्या आल्या, १९७५ साली केंद्र सरकारने सहभागाची योजना जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातले. कॅन्टीनचा चहा, पंखे व गणवेश यांपलीकडे यांतील पुष्कळ समित्यांची चर्चा गेली नाही. १९८०च्या सुमारास जपानी धर्तीची गुणवत्ता मंडळे आली, त्यांचीही बऱ्याच ठिकाणी हीच गत होऊन ती स्पर्धा व पारितोषिकांपुरती उरली.

मानसिक मालकी निर्माण झाली की सारे आलबेल होते, हा समज संशोधनाने मोडीत काढला आहे. लिन व्हॅन डाइन व पिअर्स यांच्या २००४ मधील अभ्यासाने मालकीभावाचा संबंध नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन केलेल्या मदतीशी दाखवला, हे खरे. परंतु ग्रॅहम ब्राउन व सहकाऱ्यांनी २००५ साली संस्थांतील ‘क्षेत्रवृत्ती’चा, म्हणजे आपल्या कामाभोवती कुंपण घालून इतरांना दूर ठेवण्याच्या प्रवृत्तीचा, सिद्धान्त मांडला. ती ओळखीची आहे. सरकारी कार्यालयांत एकेका कारकुनाच्या टेबलाभोवती तयार होणारी सत्ता, नियमांचे गुपित ज्ञान आणि त्याच्या रजेत अडून राहणारी फाइल, हे सारे काम आपले वाटण्याचेच एक रूप आहे. मार्कस बेअर व ब्राउन यांनी २०१२ साली दाखवले की कल्पना आपली वाटू लागली की माणूस तिच्यात भर घालणाऱ्या सूचना आनंदाने घेतो आणि तिच्यातून काही वगळायला सांगणाऱ्या सूचना टाळतो. जेम्स एव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मालकीभावाचे वाढू पाहणारे व राखू पाहणारे असे दोन प्रकार आधीच केले होते.

आणखी एका दुष्परिणामाकडे संशोधनाचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. ज्याला काम आपले वाटते तो घड्याळाकडे पाहत नाही, सुट्टीत फोन उचलतो आणि अपयश घरी नेतो. वेतन, वेळ व अधिकार तसेच ठेवून ही भावना मागणे म्हणजे मोबदल्याशिवाय अधिक श्रम मागणे होय, आणि कर्मचारी तिच्याकडे संशयाने पाहतात त्यात त्यांची चूक नसते. शिवाय या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. त्यांतून आपलेपणा आणि चांगले काम एकत्र आढळतात एवढे कळते, पण आपलेपणामुळे काम सुधारले की चांगले काम जमल्याने आपलेपणा आला, हे ठरत नाही. या दृष्टीने हारवुड किंवा अहमदाबादसारखे प्रत्यक्ष बदलाचे प्रयोग जुने असूनही अधिक वजनदार ठरतात.

सध्याच्या रोजगाराचे स्वरूप पाहता ओळखीची वाटच सर्वाधिक बंद होत चालली आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज येथील औद्योगिक पट्ट्यांत कायम कामगारांशेजारी त्याच ओळीवर कंत्राटी कामगार उभे असतात. २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची रीत जेथे चालते तेथे यंत्राची नस सापडेपर्यंत माणूसच बदललेला असतो, आणि ‘ही कंपनी आपली समजा’ असा फलक त्याच्या डोक्यावर लटकत असतो. घरपोच वस्तू व खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या मंचांनी आपल्या दुचाकीस्वारांना भागीदार म्हटले आहे. दुचाकी, पेट्रोल व अपघाताचा बराच धोका खरोखरच त्यांचा असतो, डबेवाल्याची सायकल त्याची असते तसाच. परंतु फेरीचा दर, पुढचे काम कोणाला मिळेल आणि खाते केव्हा बंद होईल हे सारे एक आज्ञावली ठरवते, तिचे नियम त्यांना सांगितले जात नाहीत व गिऱ्हाईक दर खेपेला नवे असते. मालकीचा खर्च त्यांच्याकडे आला आहे आणि तिच्याकडे नेणाऱ्या तीनही वाटा दुसरीकडे राहिल्या आहेत. दर ठरवताना या स्वारांच्या प्रतिनिधींना बसवणे, कामवाटपाचे निकष उघड करणे आणि खाते बंद करण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, यांपैकी काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. दर एकतर्फी बदलण्याचा अधिकार सोडावा लागेल, ही अडचण आहे, आणि १९७० साली मिलर यांना अहमदाबादच्या बहुतेक शेडमध्ये तीच आढळली होती.